दाराकडचा बाक

लता मॅडम गेल्याचा निरोप कॉलेजच्या जुन्या मुलांच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी पवनानगरच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसलो होतो. खरं सांगतो, रडू आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की आता ते कधीच कळायचं नाही... मॅडमना माहीत होतं की नव्हतं?

लोणावळ्याच्या कॉलेजात त्या आम्हाला मराठी शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे काय, चार पानांची कथा आणि पंधरा दिवस! त्या कथेतला शेजारी सांगतो, बाई घर सोडून गेली तेव्हा गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पुढच्याच परिच्छेदात तो सांगतो, तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता. मॅडम तिथे थांबल्या. "चिटपाखरू नव्हतं ना? मग चप्पल कोणी पाहिली?" पुस्तक मिटून म्हणाल्या, "सांगणाऱ्यावर भाबडा विश्वास ठेवायचा नाही, बाळांनो. तो कुठे उभा होता, ते आधी विचारायचं."

मला मात्र परीक्षेची धास्ती. अर्धा अभ्यासक्रम तसाच पडलेला, आणि मी नापास झालो तर घरचे कॉलेज बंद करणार हे ठरलेलं. मी प्राचार्यांना निनावी पत्र लिहिलं. वर तिखटमीठ म्हणून घातलं, मॅडम वर्गात चपला काढून बसतात. आठवड्याभराने पाहिलं, तर चपला पायांत! पुढच्या सत्रात आमचा वर्ग त्यांच्याकडून काढून घेतला गेला.

त्यानंतर त्या माझ्याशी जास्तच चांगल्या वागू लागल्या. स्वतःची पुस्तकं दिली, पहिल्या नोकरीसाठी शिफारसपत्र दिलं. मला त्या चांगुलपणाचाच संशय यायचा. एवढं कशासाठी? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मीही मास्तर झालो, दर दिवाळीला वराळ्याला त्यांच्याकडे जायचो, पण टेकलो न टेकलो की उठायचो. गेल्या दिवाळीत त्यांनी सहज विचारलं, "तुझ्या वर्गात दाराकडच्या बाकावर कोण बसतं रे?" माझा चहा बशीत सांडला. "कुणीही..." म्हणालो आणि निघालो. पुढे त्या आजारी पडल्या, तरी मी गेलो नाही. याची मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात त्यांच्या धाकट्या भावाला भेटायला गेलो. त्यांनी एक फाइल पुढे केली. "सर, आक्काची हाय. तुमालाच द्या म्हनली व्हती. आमी न्हाई उघडली."

आत माझं पत्र होतं. ऑफिसने खुलासा मागताना त्यांना पाठवलेलं. चपलांच्या ओळीशेजारी त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'टेबलाला पुढून फळी. दिसतात फक्त दाराकडच्या बाकावरून.' त्या बाकावर मी एकटाच बसायचो. खाली त्यांच्या खुलाशाची प्रत होती. 'पत्र कोणी लिहिलं असावं, याची मला काहीही कल्पना नाही.' वाक्यावाक्यावर शंका घ्यायला शिकवणाऱ्या मॅडम माझ्यासाठी सरळसरळ खोटं बोलल्या होत्या. मी त्यांच्या भावासमोरच रडलो.

ते पत्र आता माझ्या टेबलावर आहे. शेवटी नुसतंच 'आपला एक विद्यार्थी' असं आहे. काल मी त्याखाली माझं पूर्ण नाव लिहिलं. या लेखाखाली छापलंय, तेच.