उलटा उतार

मी नांदेडला सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. उन्हाळ्यात लातूर जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीत महिनाभर प्रशिक्षणाला गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी कामावरचं कुणीतरी मला 'इंजिनिअर साहेब' म्हणालं. मी अजून शिकतोय, असं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

शेवटच्या आठवड्यात तिथल्या अभियंता साहेबांनी मला एका गल्लीतल्या नालीचा उतार काढून द्यायला सांगितलं. मोजणीच्या मशीनच्या दुर्बिणीतून समोर धरलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा. आकडा मोठा, तर जमीन खोल. एवढं साधं. पण मी मोठा आकडा म्हणजे उंच जमीन असं धरलं आणि तोच हिशोब कागदावर लिहून मिस्त्रींना दिला.

मिस्त्री माझ्या वडिलांच्या वयाचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी पातळी बघायची आपली पाण्याची नळी नालीच्या दोन्ही टोकांना धरून पाहिली आणि हळूच म्हणाले, "साहेब, नळी उलटं सांगून राहिली."

"चाचा, नळी ठेवा बाजूला. मशीन चुकत नसतं."

"हाव. शिकलेले तुम्हीच."

शेजारी काम करणारा बिगारी तोंड फिरवून हसला. टोमणा मला कळला, तरी मी कागद पुन्हा तपासला नाही.

चार दिवसांनी नालीत पाणी सोडलं. ते मोठ्या नाल्याकडं न जाता मागं फिरलं आणि एका घराच्या उंबऱ्याशी तुंबलं. अभियंता साहेब चिडले.

"मिस्त्री, केस पांढरे झाले, अजून उतार कळत न्हाई?"

चाचांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. कागद त्यांच्या खिशात होता. त्यांनी तो काढला नाही. मी पाण्याकडं बघत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नाली फोडत होते. मी जवळ जाऊन म्हणालो, "चाचा, चूक माझी होती."

"मालूम हाय." त्यांनी घण खाली ठेवला नाही. "मला काय सांगता? साहेबाला सांगा."

मी हो म्हणालो आणि तसाच ऑफिसात गेलो. साहेब फोनवर होते. फोन ठेवून त्यांनी विचारलं, "काय रे?"

मी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र पुढं केलं आणि म्हणालो, "सर, सही पाहिजे होती."