चूलबंद आवतण

सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला की तो सगळ्यात आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत ऐकू येतो. त्या वर्षी आमचं अनुदान अर्धंच आलं. उरलेलं येईल येईल म्हणत राहिलं. काटकसरीची परिपत्रकं मात्र अगदी वेळेवर आली. मी मुख्याध्यापिका, शिक्षिकाही मी एकटीच, त्यात स्वभावाने चिकट. खडूचे तुकडे डब्यात जपायची, रिकाम्या वर्गात पंखा दिसला की ओरडायची. "सरकारकडे पैसे नाहीत, जपून वापरा," हे ऐकून ऐकून मुलांचे आणि खिचडी करणाऱ्या मावशींचे कान किटले असतील.

मग कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत विलीन करायचं पत्र आलं. आमची जवळची शाळा वडपे गावाच्या अंगाला, हायवेपलीकडे. नकाशात ती खरंच जवळ दिसते. पण मधून दिवसरात्र गोदामांचे कंटेनर धावतात आणि आमची पोरं पहिली ते चौथीची. ऐपतवाल्यांची मुलं व्हॅनने इंग्रजी शाळेत जातात. आमच्याकडे येतात ती हमालांची, शेतमजुरांची. त्यांना रस्ता ओलांडून द्यायला कोण खाडा करणार? तालुक्याचे साहेब पडताळणीला येणार होते. मुलं खरोखर येतात का आणि रस्ता कसा आहे, हे पाहून ते अहवाल देणार होते. सगळी भिस्त त्यावर.

साहेब न कळवता आले, तेही मधल्या सुट्टीनंतर. मी ऑफिसात ऑनलाइन माहिती भरत बसले होते. त्यांना घेऊन वर्गात गेले तर चिटपाखरू नाही. खिचडीची चूलही थंडगार. मावशी नवी साडी नेसून, गजरा माळून पायरीवर बसलेल्या.

"मावशी, मुलं कुठे गेली?"

"मांडवात, जेवाला. चूलबंद आवतन हाय ना बाई! मी शाळेची चूलबी पेटवली न्हाय. तुमीच म्हनता सरकारकडं पैसं न्हाय, तं एक दिसाचा तांदूळ वाचला."

त्या दिवशी गावात हळद होती. आमच्याकडे हळदीचं आवतण चूलबंद देतात. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी मांडवात जेवायचं. यजमान शाळेतही सांगून गेले होते. मी ते माझ्यापुरतं समजले, मावशी सगळ्या शाळेसाठी.

"मुलं आहेत, की नुसती कागदावर?" साहेबांनी विचारलं. मला रागच आला.

"चला, दाखवते," मी म्हणाले. हजेरीपट काखेत मारला.

मांडवात जाऊन आधी डीजे बंद करायला लावला. नवरदेवाची आत्या माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. बघू दे म्हटलं. पंगतीच्या मधोमध उभी राहून मी एकेक नाव पुकारलं आणि भरल्या तोंडाने एकेक "हजर बाई" येत गेलं. एकाला बोलता येईना, त्याने हातातला वडा वर केला. साहेब जवळ जाऊन प्रत्येकाचा चेहरा बघत होते. शेवटचं नाव झालं तेव्हा त्यांना हसू आवरेना.

"आता बसा साहेब," यजमान म्हणाले. "आज तुमचीबी चूल बंद."

जेवून ते हायवेपर्यंत चालत गेले. मी मागे. पलीकडची शाळा बघायची होती त्यांना. कंटेनरमागून कंटेनर येत राहिले. ते पाऊल पुढे टाकायचे आणि मागे घ्यायचे. शेवटी मागे वळून म्हणाले, "बाई, मलाच जमत नाही."

पुढे आदेश आला, शाळा आहे तिथेच राहील. अनुदानाचा पत्ता नव्हताच, पण मला कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. धावत वर्गात गेले.

"मुलांनो, आपली शाळा इथेच राहणार!"

बंद होण्याचं मी त्यांना कधी कळूच दिलं नव्हतं. मग दुसरीतल्या एकीने विचारलं, "बाई, मंग ती कुठं जानार व्हती?"