लटारू गुरनुले यांचा अठ्ठाविसावा अभ्यासक्रम

९ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार. रुपये दोन हजार तीनशे साठ फक्त. दोन हजार शुल्क, तीनशे साठ कर. पावती मी लटारू गुरनुले यांच्या नावाने फाडली आणि फाडताना दोनदा वर पाहिले. खिडकीपलीकडे खरोखर लटारूच उभा होता आणि नोटाही त्याच्याच खिशातून आल्या होत्या.

चामोर्शीहून आलापल्लीकडे जाताना विद्यापीठाचे एक लहानसे केंद्र लागते. तिथला लेखा विभाग मी सांभाळतो. मी बी.कॉम. आहे आणि येत्या जूनमध्ये निवृत्त होणार आहे. आमच्याकडे पदवी मिळत नाही. दहा-पंधरा दिवसांचे अभ्यासक्रम चालतात: मशरूम, मधमाशी, मोबाईल दुरुस्ती, शेळीपालन. शेवटी सर्वांना प्रमाणपत्र आणि एक ग्रुप फोटो मिळतो. बहुतेक अभ्यासक्रम शासनाच्या पैशाने होतात, म्हणजे शिकणाऱ्याला फी नसते आणि दुपारचे जेवण असते. अट एकच, तुकडीत तीस नावे हवीत. एकोणतीस झाली तर तुकडी सुरू होत नाही आणि आलेला पैसा परत जातो.

आमच्याकडे नेहमी एकोणतीसच व्हायची. मग मी लटारूला फोन लावायचो. बावन्न वर्षांचा धानाचा शेतकरी, गाव आमच्यापासून अकरा किलोमीटर, सायकल चालू स्थितीत.

"लटारूभाऊ, एक माणूस कमी आहे."

"कायचा कोर्स हाये, साहेब?"

"मधमाशी."

"जेवणात काय हाये?"

त्याला खरा प्रश्न दुसराच विचारायचा असायचा. पहिला तो रीत म्हणून विचारायचा.

बारा वर्षांत त्याने असे सत्तावीस अभ्यासक्रम केले. त्यातले सहा आमच्या केंद्राबाहेरचे होते. शेळीपालनासाठी तो जिवतीला जाऊन आला आणि पर्यटकांची सरबराई शिकायला मोहर्लीला. हजेरीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दहाच्या वर्गाला तो पावणेदहाला येऊन पहिल्या रांगेत, खिडकीशेजारी बसायचा. एकपर्यंत मन लावून ऐकायचा. दीडला जेवायचा. दोनला, दिवे मालवून पडद्यावर चित्रे सुरू झाली की झोपायचा. घोरायचा नाही, हे त्याचे सौजन्य.

त्यामुळे लटारूला जगातल्या सत्तावीस गोष्टी अर्ध्या येत होत्या. मशरूमची पिशवी तो सुरेख भरायचा. पुढे तिचे काय करायचे हे त्याला माहीत नव्हते. बेशुद्ध माणूस श्वास घेतो आहे की नाही हे तो अचूक सांगायचा आणि सांगून बाजूला व्हायचा. गावातल्या एकाचा मोबाईल त्याने सफाईने उघडला. तो मोबाईल अजून एका प्लास्टिकच्या डब्यात आहे. एकही स्क्रू हरवलेला नाही, असे लटारू अभिमानाने सांगतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये अंगठ्याचे मशीन आले. लटारूने अंगठा ठेवला आणि पडद्यावर लाल अक्षरे उमटली: या लाभार्थीने यापूर्वी लाभ घेतलेला आहे.

"कोण्या कोर्सचा म्हणते?" त्याने विचारले.

"सगळ्याच."

"मंग आता?"

"तीन वर्षे थांबावे लागेल."

"तीन वर्षं मी घरी काय करू?"

"शेती करा, लटारूभाऊ."

"ते चंदा करते ना, साहेब."

मशीनपुढे माझेही काही चालेना. तो गेला आणि पाच महिने दिसला नाही. तीसचा आकडा जुळवताना आम्ही मेटाकुटीला आलो. एका तुकडीत तर मी आमच्या शिपायाच्या सासऱ्याला मधमाश्या शिकायला बसवले.

आणि मग ९ फेब्रुवारीला लटारू पैसे घेऊन आला. अभ्यासक्रम होता 'प्रशिक्षकांचे प्रशिक्षण'. दहा दिवसांचा, स्वखर्चाने. अंगठा नाही, जेवणही नाही. शेवटच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकासमोर वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा. शंभरापैकी पन्नास मिळाले की नाव केंद्राच्या प्रशिक्षकांच्या यादीत जाणार.

"विद्यार्थी म्हणून घेत नाई तुमची मशीन," तो म्हणाला. "मंग सर म्हणून तं घ्या."

"लटारूभाऊ, शुल्क परत मिळत नाही. विचार केला आहे ना?"

त्याने पावतीची घडी घालून खिशात ठेवली. "बांधावर बसलो तं बैल दिसतात, साहेब. इथी तीस माणसं दिसतात."

वर्ग सोमवारी सुरू होणार होता. तरी मी त्याला वर्गाचा रस्ता दाखवला, जो त्याला माझ्यापेक्षा चांगला माहीत होता.

त्या तुकडीत बावीस जण होते आणि लटारू सोडून सगळे पदवीधर. त्याच्या शेजारी निकेश नावाचा इंजिनियर बसायचा. केंद्राच्या समन्वयक दीपाली मॅडम वर्ग घ्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला अनुभव विचारला. निकेश म्हणाला, दोन वर्षे. लटारू म्हणाला, "सत्तावीस कोर्स." मॅडमनी "घेतलेले?" असे कौतुकाने विचारले. "हो, घेतलेले," असे त्याने अगदी खरे उत्तर दिले. गैरसमज दुसऱ्या दिवशी दूर झाला.

सहाव्या दिवशी, शनिवारी, चंदाबाई माझ्या खिडकीशी आल्या. लटारूची बायको मी तोवर फक्त फोनवर ऐकली होती.

"साहेब, तुमच्या इथी जेवण बंद केलं काय?"

"का बरं?"

"काऊन म्हणजे? माणूस घरी येते अन् उभ्या उभ्या भाताचा गंज खाली करते. आजपर्यंत कोर्सातून आला का ढेकर देत येत होता. मले वाटलं, तुमच्या मॅडमनं उपासाचा कोर्स काढला."

लटारूने घरी या अभ्यासक्रमालाही फुकटच म्हटले होते. त्यामुळे डबा मागण्याची सोय राहिली नव्हती. दुपारी तो निकेशच्या डब्यातली अर्धी पोळी आणि माझ्या डब्यातली उरलेली भाजी खायचा, आणि 'आज भूक नाई' असे सांगून खायचा.

मला खोटे बोलता येत नाही. नीतीमुळे नव्हे; पावतीपुस्तक समोरच असते. मी ते त्यांच्याकडे फिरवले. त्यांनी आकड्यावर बोट ठेवून तो वाचला, मग पुन्हा वाचला.

"हे तं गोठ्याच्या पत्र्याचे होते," त्या म्हणाल्या. "मी तांदळाच्या कणगीत ठेवले होते."

मी पावतीपुस्तक मिटले.

"पास होईल काय?"

"हजेरी चांगली आहे," मी म्हणालो.

"अन् नाई झाला तं पैसे वापस?"

"नाही, बाई. तशी तरतूद नाही."

"मंग माणूसच ठेवून घ्या इथी. पत्र्याच्या जागी मी काय त्याले गोठ्यावर पांघरू?"

जाताना त्या परत वळल्या आणि पिशवीतून एक डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. "त्याले सांगू नका मी आली होती. तुमच्या घरचा हाये म्हणून द्या."

मी दिला. लटारूने पहिला घास घेतला आणि थांबला. "साहेब, वहिनींच्या हाताले डिट्टो चंदाची चव हाये," असे म्हणून माझ्याकडे न पाहता त्याने डबा संपवला. पुढचे चार दिवस चंदाबाईंचा डबा गुपचूप माझ्या टेबलावर येत राहिला आणि माझ्या घरून रोज दोन डबे येत आहेत, असे आम्ही दोघांनी गंभीरपणे मानले.

परीक्षा शुक्रवारी २३ तारखेला होती. परीक्षक माधवी मॅडम नागपूरहून आल्या होत्या. लटारूने मशरूम हा विषय घेतला, कारण तो अभ्यासक्रम त्याने चारदा केला होता. पिशवी भरण्याचा पाठ त्याने घरी बैलांपुढे म्हणूनही पाहिला होता. पण विषयातला नेमका भाग चिठ्ठीने ठरणार होता. लटारूने चिठ्ठी उघडली आणि ती घेऊन थेट माझ्या खोलीत आला.

चिठ्ठीवर 'काढणी आणि साठवण' असे होते.

"हे जेवणाच्या नंतरचं हाये, साहेब," तो म्हणाला. त्याचा चेहरा मी प्रथमच असा पाहिला.

"चारदा ऐकलं आहे तुम्ही. काही तरी आठवेल."

"स्वप्न आठवतात."

नावांच्या क्रमाने त्याचा पाठही दोन वाजून दहा मिनिटांनीच आला. गुणपत्रक भरायचे म्हणून मी मागच्या बाकावर बसलो होतो. दिवे मालवलेले, पडदे ओढलेले, पंखा संथ. आधीच्या उमेदवाराने अठ्ठावीस चित्रे दाखवली होती आणि निकेशची हनुवटी छातीला टेकली होती. माधवी मॅडम पेन हातात धरून स्थिर बसल्या होत्या, जरा जास्तच स्थिर.

लटारूने पुढे जाऊन हात जोडले. मग त्याने खिडकीचा पडदा ओढून उघडला.

"लाइट लावा कोणी तरी. पंखा बंद करा. पंख्यानं जास्त येते."

"काय येतं?" मॅडमनी विचारले.

"झोप, मॅडम. मी या खुर्चीवर बारा वर्षं झोपलो. निकेशभाऊ बसला हाये ना, त्याच्या बाजूलेच."

निकेश दचकून जागा झाला आणि वर्ग हसला.

"आता खरं सांगतो. मशरूम कवा तोडायचं ते मले माहीत नाई. ते सांगून राह्यले तवा मी झोपून राह्यलो. तुमाले माहीत हाये काय?"

कोणालाच नव्हते. एकाने इंटरनेटवर पाहतो म्हटले.

"मोबाईल ठेवा. मी उघडून दीन तं बंद नाई होणार. चला, उठा. इथून पन्नास पावलावर शेड हाये."

केंद्राच्या मागे मशरूमची एक शेड आहे. तिथे पिशव्या टांगलेल्या असतात आणि सोमारीबाई त्या सांभाळते. ती जंगलातल्या एका गावची, रोजंदारीवर आहे. बावीस जण, परीक्षक, दीपाली मॅडम आणि गुणपत्रक घेऊन मी असे सगळे उन्हातून तिथे गेलो. सोमारीबाई पाणी मारायला निघाली होती.

"थांब बाई, पाणी मारू नको," लटारू म्हणाला. "आज कोणतं तोडशील?"

तिने हातातला पंप खाली न ठेवता दाखवले. "हे आज. हे उद्या. हे कालच तोडाले पायजे होतं, पण काल तुमच्या साहेबानं मले खुर्च्या पुसाले लावलं."

"हे आज काऊन?"

"कड पाह्य. वळून राह्यली."

लटारूने सगळ्यांना एकेक करून कडेवर बोट फिरवायला लावले, परीक्षकांनाही. मग तो पुन्हा वळला. "अन् पाणी मारल्यावर तोडलं तं?"

"सडते. ओलं तोडून पिशवीत भरलं तं सकाळी वास."

"कापू का?"

"कापू नको! पिरगाळ." तिने पिरगाळून दाखवले. निकेशने पिरगाळले आणि अर्धी पिशवीच खाली आणली. तेव्हा सोमारीबाई गोंडीत काहीतरी बोलली. त्याचे मराठी करायला तिने नकार दिला. वाळवायचे कसे, किती दिवस, पिशवीला भोके का पाडायची, लटारू विचारत गेला. त्याला खरोखर माहीत नव्हते, त्यामुळे प्रश्न संपेनात. वीस मिनिटांची चाळीस झाली आणि कोणी घड्याळ पाहिले नाही. मी पाहिले, पण तो माझ्या कामाचा भाग होता.

शेवटी माधवी मॅडम म्हणाल्या, "लटारूजी, पाठ तुम्ही घेतला की बाईंनी?"

"बाईनं सांगितलं, मी विचारलं. तुमच्या फॉर्मात प्रश्न विचाराचे मार्क किती हायेत?"

"तसा रकाना नाही."

"मंग तुम्हीच पाहा," तो म्हणाला आणि कपाळ पुसत भिंतीला टेकून उभा राहिला.

सोमारीबाईने आमच्याकडे पाहिले. "याले कागद भेटते, मंग माह्या नावाचा कागद कुठी हाये?" त्यालाही रकाना नव्हता. दीपाली मॅडमनी वहीत काहीतरी टिपून घेतले.

त्याचे गुण साडेचारला माझ्याकडे आले. विषयज्ञान तीसपैकी सहा. मांडणी वीसपैकी दहा. वर्गाचा सहभाग तीसपैकी चोवीस. वेळेचे भान दहापैकी शून्य. हजेरी दहापैकी दहा. मी बेरीज खालून वर केली, वरून खाली केली आणि मग यंत्रावर केली. तिन्ही वेळा पन्नास आले. एक कमी आला असता तर मी एकोणपन्नासच लिहिले असते. हे मी लटारूला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "माहीत हाये, म्हणूनच मी तुमच्याकडं पाह्यत नव्हतो."

आता यादीत त्याचे नाव आहे. बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांना परतीची बस गाठायची असते, म्हणून ते सकाळचाच तास मागतात. दोनचा तास कोणी घेत नाही. दीपाली मॅडमनी तो प्रत्येक अभ्यासक्रमात लटारूला दिला. मधमाशी असो की मोबाईल, तो पडदे उघडतो, पंखा बंद करतो आणि ज्याला येते अशा माणसाकडे वर्ग घेऊन जातो. एका तासाचे सहाशे रुपये मिळतात. पहिल्या महिन्याचे मानधन खात्यात जमा झाले त्याच दिवशी चंदाबाई येऊन त्याला घेऊन गेल्या. दोघे पत्रे आणायला गेले.

ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. आमच्या एकवीस फायलींत त्याचा एकच फोटो एकवीस वेळा होता, २०११ चा, काळ्याभोर केसांचा. फाटकावरच्या रखवालदाराने तो ओळखायला नकार दिला. म्हणून आम्ही बसस्टँडजवळच्या दुकानात जाऊन नवे काढले. आठ प्रती, पन्नास रुपये. लटारूकडे सुटे नव्हते, मी दिले.

ते पन्नास रुपये अजून यायचे आहेत.