कांताबाईंचं पाणी

कल्याणच्या बाजारात कांताबाई रोकडे पालेभाजी घेऊन बसतात, त्याला आता एक पिढी उलटून गेली. समोरच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला, सून आली, नातवंडं शाळेत जायला लागली, पण बाईंची जागा तीच. मेथी, शेपू, कोथिंबीर, अंबाडी. हाताशी पाण्याचा डबा. दर थोड्या वेळाने त्यात हात बुडवून जुड्यांवर पाणी शिंपडायचं, कारण उन्हात भाजीने मान टाकली की गिऱ्हाईक पुढे जातं. स्वतःचा घसा सुकला, तर बाटलीतल्या पाण्याने चूळ भरायची आणि गटारात टाकायची. गिळायचं नाही.

हा काही बाईंचा हट्ट नव्हता. बायकांसाठी म्हणून जी मुतारी आहे, ती बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिला कडी नाही, बहुतेक वेळा पाणी नाही, आणि जाऊन येईपर्यंत अतिक्रमणवाल्यांची गाडी आली तर पाटी उचलून नेणार. पुरुषांचं काय, त्यांना भिंत पुरते. तेव्हा बाजारातल्या यच्चयावत बायकांनी काढलेला तोडगा एकच, घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत पाणी प्यायचं नाही. त्याच्याच जोडीला दुसरा नियम असा, की कुठे चांगला संडास दिसला तर लागलेली असो वा नसो, जाऊन घ्यायचं, कारण पुढचा कधी मिळेल याचा भरवसा नाही. टिटवाळ्याला भाचीने नवा फ्लॅट घेतला, तेव्हा बाकीचे पाहुणे गॅलरीचं कौतुक करत होते आणि कांताबाईंनी आधी संडास गाठला होता.

अशा बाईला डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगितलं.

पाळी जाऊन वर्षं झाली होती आणि पुन्हा अंगावरून लाल जायला लागलं. बाईंनी ते बरेच महिने लपवलं. सुनेला, प्रीतीला, धुण्यात डाग दिसले तेव्हा तीच त्यांना ओढत डॉक्टरकडे घेऊन गेली. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. ठाण्याच्या हॉस्पिटलात मोठे डॉक्टर म्हणाले, किरणं घेतली तर बरं व्हायची चांगली आशा आहे, पण आता चालढकल नको. पाणी न प्यायल्यामुळे झालं का, हे बाईंनी मुद्दाम विचारून घेतलं. त्याचा काही संबंध नाही, असं उत्तर आलं. आपण हाताने ओढवून घेतलं नाही, एवढ्याने त्यांना बरं वाटलं.

किरणांच्या आधी एक स्कॅन असतो. किरणं नेमकी कुठे सोडायची, त्याचा नकाशा त्यावरून काढतात. तिथल्या मेघना मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. आदल्या दिवशी हलकं खा, सकाळी पोट साफ हवं, इथे आल्यावर लघवीला जाऊन या, मग हे बाटलीभर पाणी प्या आणि धरून ठेवा. लघवीची पिशवी भरलेली असली की आतडी वर सरकतात, किरणांच्या वाटेतून बाजूला होतात, नाहीतर त्यांना फुकट भाजतं. स्कॅनला जेवढी भरलेली असेल, तेवढीच पुढे रोज लागेल. बाईंच्या डोक्यात यातलं ‘धरून ठेवा’ तेवढं राहिलं. त्या म्हणाल्या, ते माझ्याकडे लागलं, त्यात माझा हात कोणी धरणार नाही.

स्कॅनच्या दिवशी त्यांनी कडू काढा घ्यावा तसं घोट घोट करत पाणी संपवलं आणि बाकावर बसल्या. प्रीती खाली औषधं आणायला गेली होती. नंबर यायला वेळ होता. समोर पॅसेजच्या टोकाला बायकांचा संडास होता, दार अर्धवट उघडं. कोरडी फरशी, पिशवी अडकवायला हुक, नळाला पाणी, साबणसुद्धा. आत कोणी नव्हतं. कांताबाई कधी उठल्या, कधी आत गेल्या, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. हात धुऊन, पदराला पुसून त्या समाधानाने परत येऊन बसल्या.

टेबलावर झोपल्यावर मेघना मॅडमनी पडद्यावर बघितलं आणि बाहेर येऊन विचारलं, पाणी प्यायलात ना मावशी?

“प्यायली ना सगळं,” कांताबाई म्हणाल्या. “पण मग जाऊन आली. संडास चोख होता, कोणी नव्हतं पण.”

मॅडमना हसावं की रागवावं कळेना. पुन्हा पाणी दिलं, ते घाईघाईत प्यायल्याने उलटून पडलं. मशीन पुढच्या पेशंटसाठी हवं होतं. शेवटी पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली.

प्रीती कोलशेतला एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीत आहे. तिने त्या दिवसाची ड्युटी बुडवली होती. दोघी शहाडला घरी पोचल्या. दाराशी चप्पल काढताना ती म्हणाली, “आई, तुम्हाला बरं व्हायचंय की नाही, ते एकदा सांगा.”

कांताबाईंना ते लागलं. व्हायचं होतं, फार व्हायचं होतं. पण पुन्हा तसंच झालं तर, आपल्या खोडीपायी उपचारच लांबले तर? दुसऱ्या दिवसापासून त्या घरीच बसून पाणी प्यायला शिकल्या, ग्लास पुढ्यात ठेवून, नातवंडं अभ्यासाला बसतात तशा. पाणी घशाखाली उतरायचं, पण ते पोटात आहे या नुसत्या कल्पनेनेच त्यांना धडधडायचं. सुमितला, त्यांच्या मुलाला, याची गंमत वाटायची. प्रीतीला वाटत नव्हती.

तारखेच्या दिवशी त्या संडासाकडे पाठ करून बसल्या. प्रीती युनिफॉर्म घालूनच आली होती, इथून परस्पर दुपारच्या ड्युटीला जायचं होतं. पाणी पिऊन झालं, आणि नेमका आतल्या पेशंटला वेळ लागला. ओटीपोट दगडासारखं झालं. कांताबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला आणि आजवर कोणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं.

“सुमित पोटात होता. आठवा महिना. एक दिवस बाजाराला निघताना लई तहान लागलेली, तांब्याभर पाणी प्यायली. दुपारी नाही राहवलं. पाटीमागे बसल्या जागीच झाली. समोर गिऱ्हाईक उभं. मी भाजीचा डबाच मांडीवर ओतून घेतला, म्हटलं पाणी सांडलं. तशीच बसली संध्याकाळपर्यंत. तेव्हापासून पाणी बंद.”

 प्रीतीने हात सोडवून घेतला नाही.

नंबर लागला. टेबल थंडगार होतं. पाय साच्यात ठेवले, कमरेवरचं कापड सरकवलं. आता इथेच, या परक्या पोरीसमोर, या पांढऱ्या चादरीवर झालं तर काय, या भीतीने बाईंनी मांड्या आवळून धरल्या. त्यांनी हळूच विचारलं, “मॅडम, नाही राहिलं तर?”

“तर काय, चादर बदलू,” मेघना मॅडम म्हणाल्या. “झालं तर झालं, मावशी. तुम्ही फक्त हलू नका.”

झालं तर झालं, असं कांताबाईंना उभ्या आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं, पण ते पुसायला त्यांनी हात हलवला नाही. टेबल आत गेलं, बाहेर आलं. पिशवी छान भरली होती, असं मॅडमनी सांगितलं. मग त्यांनी ओटीपोटावर आणि दोन्ही कुशींना सुईने बारीक ठिपके गोंदले, रोज किरणं देताना खूण म्हणून. आता रोज अशाच भरून या, म्हणाल्या.

कांताबाई संडासातून बाहेर आल्या तेव्हा जग हलकं झालं होतं. प्रीती बॅग खांद्याला लावून उभी होती, ड्युटीची वेळ होत आली होती. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातून तिची पाण्याची बाटली डोकावत होती. सकाळी घरी भरली होती, अजून गळ्यापर्यंत तशीच.

कांताबाईंनी ती ओढून काढली. “ही सकाळची ना?”

प्रीतीने नजर चुकवली. “गेटवर लेडीजला सोय नाही, आई. रात्री घरी आल्यावर पिते मी.”

एका घरात, एका मोरीत वावरून आपल्याला हे कधी दिसलं नाही. बाजारातल्या बायकांचं सगळं ठाऊक, आणि घरातलीचं नाही. बाईंना स्वतःची लाज वाटली आणि सुनेची माया आली. त्यांनी झाकण उघडलं आणि बाटली पुढे केली.

“पी. आणि मग जाऊन आल्याशिवाय इथून हलायचं नाही. संडास चोख आहे.”

“उशीर होईल.”

“होऊ दे,” म्हणत कांताबाईंनी तिच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि ती मांडीवर घेऊन त्या त्याच बाकावर पुन्हा बसल्या.