एकाच मुलीचे दोन बायोडाटा

नागपुरात मी नोकरभरती करणाऱ्या एका कंपनीत होते. दिवसभर लोकांचे रिज्यूमे वाचायचे आणि बरे वाटतील ते पुढे पाठवायचे. ती कंपनी बंद पडली, मी मध्य प्रदेशात, बालाघाटला आईकडे परत आले. इतकी वर्षं दुसऱ्यांचे वाचले, तर आता आपणच लिहून देऊ, असं मनात आलं. बाहेरच्या खोलीत लॅपटॉप आणि प्रिंटर मांडला. पेंटरकडून दारावर पाटी लिहून घेतली, हिंदीतच, कारण इथे मराठी बोलतात बरेच, वाचतात कमी.

शेजारच्या काकूंनी पाटी पाहून विचारलं, "हे रिज्यूमे म्हणजे बायोडाटाच ना वो?"

मी हो म्हणाले आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्याकडे बायोडाटा म्हणजे लग्नाचा. लोक यायचे ते उंची, रंग, मामाचं गाव सांगायला. मी समजावून सांगायची, ते मान डोलवायचे आणि मग विचारायचे, "फोटो वरतं लावता का बाजूले?" सुरुवातीला मी त्यांना परत पाठवलं. पण दुसरं कोणी येईना, म्हणून मग तेही करून द्यायला लागले. आई विचारायची, "तुया धंदा नेमका कशाचा आहे?"

अशात एक दिवस जवळच्या राजेगावची एक मुलगी आली. गोंदियाच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होती. तिथूनच बसने थेट आलेली, तोंडाला ओढणी तशीच गुंडाळलेली.

"ताई, मले नागपूरच्या मोठ्या लॅबमध्ये बायोडाटा पाठवाचा आहे. नोकरीवाला पायजे, लग्नाचा नाही."

मला इतका आनंद झाला की मी आधी चहाच टाकला. चहा प्यायला तिने ओढणी सोडली. काय काय येतं, असं विचारल्यावर ती लाजत म्हणाली, "म्हाताऱ्या लोकायची नस भेटत नाही ना, तवा मलेच बलावतात. हे लिवता येते का?" येतं की, म्हटलं. शेवटी, बाहेरगावी राहशील का, असं विचारलं. तिने दाराकडे एकदा पाहिलं. "कुठंबी. लिवा, कुठंबी राहीन."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक काका आले. "जयभीम, मॅडम. पोरीचा बायोडाटा कराचा आहे." त्यांनी मोबाइलमधला फोटो पुढे केला. तीच मुलगी. निळ्या साडीत, केस मोकळे.

काकांनी सांगितलं तसं टाइप करत गेले. शांत स्वभाव, स्वयंपाक येतो, मोठ्यांचा मान ठेवते.

"नोकरीचं काय लिहू, काका?"

"नोकरीची आवड नाही, असं लिवा. लग्न झाल्यावर सोडून देईन म्हना."

"तिला विचारलं का?"

"तिले काय विचाराचं? पोरावाले हेच पायतात."

माझी बोटं थांबली. सांगावं तर मुलीचं गुपित फुटतं. न सांगता लिहावं, तर दोन्ही कागद माझ्याच हातचे, आणि त्यांतला एक खोटा. कोणता, तेही मला ठरवता येईना. शेवटी फोटो स्पष्ट नाही अशी सबब सांगितली आणि मुलीलाच घेऊन या म्हटलं.

दोघं आली. मुलीने मला ओळख दाखवली नाही, मीही नाही. स्क्रीनवरचा बायोडाटा तिने वाचला. नोकरीच्या ओळीपाशी येऊन थांबली.

मग म्हणाली, "बाबा, मी ह्या ताईकडे पहिलेच येऊन गेलती."

"काहून?"

"नागपूरच्या नोकरीसाठी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. आता हे चिडतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "दाखवा तो बी."

मी दाखवला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मराठीत वाचून दाखवला. बाहेरगावी राहण्याची ओळ गाळावी की काय, असं वाटलं, पण मुलगी बघत होती. ती ओळही वाचली.

काका डोकं खाजवत बसले. "म्हणजे हे बी तूच, अन् ते बी तूच?"

"हौ."

"मंग दोन्ही राहू द्या, मॅडम," ते म्हणाले. "पहिले कोनाचा फोन येते ते पाहू." चिडून म्हणाले की खरंच, ते मला आजही सांगता येणार नाही.

फोन आधी नागपूरचा आला. मुलीने मला विचारलं, "ताई, जाऊ का?" कुठेही राहीन असं मीच लिहिलं होतं, तरी चटकन जा म्हणवेना. ती आपली आपणच गेली.

काही दिवसांनी काका एकटेच आले. मला वाटलं, बायोडाटा बदलायचा असेल. म्हणून लॅपटॉप उघडला. ते खुर्चीत अवघडून बसले.

"मॅडम, तुम्ही नागपूरले राहत होत्या ना? तिले तिथं जेवाची तकलीफ होऊन राह्यली म्हणे. चांगला डब्बा कुठं भेटते?"

मी लॅपटॉप मिटला आणि आठवेल तसं सांगायला लागले.