बीबीजानला ऐकू आलेली हवा

धारूरच्या किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला रहमतुल्ला मिस्त्रीचं घर आहे, आणि घराच्या अंगणातच त्याचं गॅरेज. घाटात दमलेली गाडी त्याच्या दारात यायची. तो बोनेट उघडायचा, कान द्यायचा आणि दुखतं तिथं नेमकं बोट ठेवायचा. त्या कानावरच त्याचं घर उभं राहिलं, लेकीचं, अलिनाचं लग्न झालं. अलीकडं मात्र तो कान दगा देत होता. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

उत्तरेश्वरची डिझेल गाडी आली ती अशीच, दम लागून. टर्बोची, म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणाऱ्या पंख्याची गाडी, पण चढाला ओढ नाही, मागं नुसता काळा धूर. मिस्त्रीनं इंजिन चालू ठेवलं, रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं पाइपांवरून फिरवलं.

"हवा कुठंच गळत न्हाई. टर्बोच गेला."

उत्तरेश्वरचा चेहरा उतरला. "तुमी म्हणता म्हणजे गेलाच, चाचा. उद्या नवा आणतो."

तो गेल्यावर मिस्त्रीनं टर्बोच्या तोंडात बोटं घालून आतलं पातं हलवून बघितलं. जरासुद्धा ढिलं नव्हतं. हात एक सांगत होते, कान दुसरंच.

त्यानं आपला स्टीलचा पेला काढला. बुडाला भोक पाडून टायरच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला, भोवती रबर गुंडाळलेलं. तो टर्बोकडं जाणाऱ्या पाइपात बसवून क्लिप आवळली आणि पंपानं बेताबेतानं हवा भरू लागला. आतली सगळी वाट हवेनं भरली, की हवा फट शोधून बाहेर येते. पंप मारायचा, कान द्यायचा. त्याला कशाचाच आवाज येईना.

त्याची बायको, बीबीजान, ओट्यावर डाळ निवडत बसली होती.

"अवो, ते सूं सूं काय वाजतंय?"

"कुठं?"

"खाली. त्या वाकड्या पाइपाकडं."

त्यानं वाकून तिथं कान लावला. ती उठली, केसांसाठी भिजवलेल्या रिठ्याचा फेस ओंजळीत घेऊन आली आणि पाइपाच्या खालच्या अंगाला फासला. "मारा पंप." तेलकट धूळ धरलेल्या त्या वाकावर टपोरे बुडबुडे फुगू लागले. केसाएवढी चीर होती.

मिस्त्री खाली बसला. "तुला कधीपास्नं ठावं हाय?"

"अजान झाली की तुमच्यापुढं टोपी कोण आणून ठेवतंय? मांजर?" ती हसली. "आन् तुमी टीव्ही लावला की सगळी गल्ली बातम्या ऐकती."

त्यानं फोन लावला. "उत्तरेश्वर, टर्बो आणू नको. पाइप चिरलाय."

"पण चाचा, तुमी तर म्हणलतात..."

बीबीजाननं मान खाली घालून डाळीत बोटं फिरवली. पाइप आत्ताच फाटला असं तो खोटं म्हणाला असता, तरी तिनं हूं की चूं केलं नसतं.

"कान गेलाय बे माझा," तो म्हणाला. "चीर तुझ्या चाचीनं धरली."

मग उत्तरेश्वर म्हणाला, "मग माझ्या मागल्या चाकात कायतरी वाजतंय, तेबी चाचीलाच ऐकायला सांगा."

मिस्त्रीनं फोन ठेवला. आतून एक स्टूल आणलं, खांद्यावरच्या फडक्यानं पुसलं आणि बोनेटला लागून सावलीत मांडलं.

"डाळ इथं बसून निवड," तो म्हणाला.