झाकण लावलं की मुकी

माझी मैत्रीण ग्लेनिस आमच्या स्वान्सी शहरात तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाली. वाचनालय वाचवायच्या सभेत चार वाजता ती इलेक्ट्रिक गिटार वाजवणार होती, आणि त्या गिटारचं वायरिंग तिने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतः केलं होतं. वायरींवरचं मागचं झाकण उघडं असलं की गिटार खणखणीत वाजे, स्क्रू आवळले की मुकी.

"दुकानात दे ना बाई," मी खेकसले.

"गप गं. उघडी असताना धड आहे, म्हणजे खोट झाकणातच."

घरघर येऊ नये म्हणून तिने झाकणाला आतून स्वयंपाकघरातली फॉइल चिकटवली होती. झाकण आवळलं की तीच आतल्या सॉकेटच्या वायरीला टेकून आवाज बंद पाडत होती. माझा निषेधफलक काठीला धरून ठेवणारी चिकटपट्टी सोलून तिने फॉइल आणि वायरीच्या मध्ये लावली.

चारला पहिला सूर दणदणला. "काय म्हणत होतीस, दुकान?" ग्लेनिसने माइकवरूनच विचारलं. मी मोडका फलक उंच धरला.